उत्तर येईपर्यंत

सांगलीच्या न्यायसाहाय्य प्रयोगशाळेत शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत. आतली फरशी गार होती. भूपाल मगदूम यांनी पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले आणि समोरच्या पेटीकडे पाहत बसले.

पेटी फ्रिजएवढी होती, करड्या रंगाची. तिचं सरकारी नाव सुज्ञमापक. कोर्टातले लोक तिला शहाणा म्हणत.

"काका, इथं जपून बोला," त्यांच्या वकील नसीमा मुजावर हळूच म्हणाल्या. "सगळ्या राज्यात कागदोपत्री शहाणा हा एकटाच आहे."

भूपाल थोडं हसले. वर्षभरात ते फारसे हसले नव्हते.

खोलीत आणखी तिघं होती. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. अरुंधती गुळवणी, कोठार कंपनीचे वकील आणि त्यांच्या शेजारी मान खाली घालून बसलेला विलास ऐवळे. विलास बेदाण्याच्या कोठारात दालनांचा चालक होता. मागच्या उन्हाळ्यात चार नंबरच्या दालनाचं दार त्यानं लावलं, तेव्हा भूपाल यांची बायको राजमती आत होती.

बेदाणा टिकावा म्हणून त्या गार दालनांतली हवा काढून नत्रवायू भरत. नत्राला वास नसतो. माणूस गुदमरत नाही, खोकत नाही. चार-सहा श्वासांत खाली बसतो आणि उठत नाही. म्हणून प्रत्येक दालनात उष्णतेवरून माणसं मोजणारा गणक बसवला होता. दाराबाहेरच्या काचेवर आकडा यायचा. शून्य आला की दार लावायचं आणि नत्र सोडायचा. त्या दिवशी आकडा शून्यच होता. राजमती प्रतवारी आणि मोजणी बघायला जायची. अंगात जाड थंडीचा कोट, डोक्याला कानटोपी, उभी मागच्या थप्पीच्या आड. गणकाला ती दिसली नाही.

नेम असा होता की आत जाताना आपला बिल्ला दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर काढून घ्यायचा. राजमतीचा बिल्ला तिच्या कोटाच्या खिशात सापडला. म्हणजे ती बाहेर आली होती, बिल्ला काढून घेतला होता आणि कुठल्या तरी रांगेची मोजणी चुकली असं वाटून परत आत गेली होती. कंपनीनं चौकशीअंती एक ओळ लिहिली आणि ती कोठाराच्या फलकावर लावली. 'मृत्यू कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.'

त्या एका ओळीसाठी भूपाल कोर्टात आले होते. भरपाई किती मागायची तेही त्यांनी नसीमाबाईंवर सोडलं होतं. ती ओळ खोटी आहे असं कोणीतरी अधिकारानं म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

डॉ. गुळवणींनी पेटी सुरू करण्याआधी ती काय करते ते सांगितलं. नियमच तसा होता.

"कायदा कुणाला देवमाणूस व्हायला सांगत नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला इजा होईल हे आधी दिसत असेल, तर साधा समंजस माणूस जेवढी काळजी घेईल तेवढी घ्या, एवढंच म्हणतो. पूर्वी हा साधा समंजस माणूस न्यायाधीशांच्या डोक्यात असायचा. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा. म्हणून आम्ही तो खऱ्या माणसांपासून बनवला. राज्यभरातल्या काही हजार लोकांनी वर्षभर अंगावर नोंदबटण लावलं. ते घरी, कामावर, रस्त्यावर कसे वागतात ते त्यात जमा झालं. त्या वागण्यातून हा तयार झाला."

"म्हणजे सगळ्यांची सरासरी?" नसीमाबाईंनी विचारलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं, भूपालना कळावं म्हणून विचारलं होतं.

"नाही. सरासरी काढली असती तर सिग्नल तोडणं समंजसपणा ठरला असता. हा तीन गोष्टी बघतो. धोका केवढा मोठा आहे. तो टाळायला कष्ट किती पडतात. आणि कुणी न सांगता, कुणाच्या धाकाशिवाय, ती काळजी घेणारा निदान एक तरी साधा माणूस आमच्या नमुन्यात आहे का."

"एक पुरतो?"

"एकानं सहज केलं म्हणजे ते सहज करता येतं. मग धोका मोठा आणि कष्ट थोडे असतील, तर बाकीच्यांनी केलं नाही ही सबब चालत नाही. पण तो एकही नसेल, तर आपण माणसाकडून जे कुणीच करत नाही ते मागतोय असा अर्थ होतो. तसं हा मागत नाही."

कंपनीच्या वकिलांनी आपलं म्हणणं थोडक्यात मांडलं. चालकावर काळजीचं कर्तव्य होतं हे त्यांना मान्य होतं. पण त्यानं त्यात कसूर केली नव्हती. राज्यातल्या सगळ्या कोठारांत आकडा बघूनच दार लावतात. शिवाय समजा त्यानं हाक मारली असती, तरी बाई मोजणीत गुंतल्या होत्या, ओ दिली नसती. म्हणजे हाक न मारल्यामुळेच मृत्यू झाला असंही म्हणता येत नाही.

मग डॉ. गुळवणींनी पेटीला ती दुपार सांगितली. दालन, गणक, आकडा, रिकामा खिळा. आणि विचारलं, तू विलासच्या जागी असतास तर काय केलं असतंस.

पेटीचा आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता.

"आकडा शून्य असला तरी मी दारातून आत डोकावून 'येतो' म्हणेन आणि थांबेन."

"कशासाठी?"

"आत कोणी असेल तर उत्तर देईल."

"हाक मारूनही उत्तर आलं नाही, तर लगेच दार लावशील?"

"नाही. थोडं थांबेन. आतला माणूस कामात असला तर उत्तर लगेच येत नाही."

कंपनीच्या वकिलांनी कपाळावर हात ठेवला. नसीमाबाईंनी भूपाल यांच्या मनगटावर बोटं टेकली. खटला जवळजवळ जिंकल्यात जमा होता. कसूर झाली होती, आणि तेवढं थांबलं असतं तर बाई वाचल्या असत्या. भूपाल मात्र त्यांच्याकडे बघत नव्हते. ते पेटीकडे बघत होते.

बाकीचे निघून गेल्यावर त्यांनी डॉ. गुळवणींना विचारलं, ते शेवटचं वाक्य पुन्हा ऐकता येईल का.

"का हो?"

"ही आमची राजी आहे," भूपाल म्हणाले.

---

भूपाल मोटारी भरायचे. पंपाच्या, पिठाच्या गिरणीच्या, जळालेल्या जुन्या मोटारी. नव्या मोटारी भरायच्या नसतातच, त्या फेकून द्यायच्या असतात. पण मिरजेकडच्या मळ्यांत जुन्या अजून चालत होत्या आणि त्या भरणारे दोघं-तिघंच उरले होते. घराच्या मागच्या खोलीत ते तांब्याची तार गुंडाळत बसायचे. एका वेटोळ्याचे फेरे चुकले की सगळी मोटार गरम होते, म्हणून फेरे तोंडातल्या तोंडात मोजायचे आणि मोजताना कुणाशी बोलायचे नाहीत.

राजमती कामावर निघताना दारातून म्हणायची, "येते हं."

मागच्या खोलीतून उत्तर यायचं नाही. भूपाल मोजत असायचे. दहाचा टप्पा आला की तारेला गाठ मारून म्हणायचे, "हं, ये." तोवर ती उंबऱ्यात उभी. पर्स खांद्याला, एक हात कडीवर. उत्तर आलं की "बरं" म्हणायची आणि दार ओढून घ्यायची. लग्नानंतर सुरुवातीला ती चिडायची. "अहो, नुसतं हं म्हणायला काय जातं," असं एकदा म्हणाली होती. त्यांनी तिला फेरे कसे चुकतात ते समजावून सांगितलं. तिला ते पटलं, कारण तिचंही काम मोजायचंच होतं. त्यानंतर ती कधी चिडली नाही. नुसती थांबायची.

पुढे ती सवयच झाली. बँकेतून निघतानाही ती म्हणायची, येते. दवाखान्यातून, देवळातून, रिकाम्या वर्गातूनसुद्धा. एकदा कुंभोजला बहिणीच्या घराला कुलूप लावताना, घरात कुणी नाही अशी खात्री असून, ती आत तोंड घालून "येते हं" म्हणाली आणि थांबली. भूपाल बाहेर रिक्षात बसले होते. त्यांनी विचारलं, कोण आहे आत. ती म्हणाली, कुणी नाही. मग थांबलीस कशाला. "काय की," ती म्हणाली, "लगेच निघालं की बरं नाही वाटत." आत बहिणीची सासू झोपलेली निघाली. म्हातारी पहाटे गावाहून आली होती आणि कुणाला पत्ताच नव्हता. तिनं आतून "कोण गं ती" असं विचारलं तेव्हा रिक्षावालासुद्धा हसला होता.

आणि एक वर्ष तिच्या खांद्यावर, पदराच्या पिनेशेजारी, एक करडं बटण होतं. विद्यापीठाची पाहणी आहे, कुणाला सांगायचं नाही असं आहे, एवढंच ती म्हणाली होती. भूपाल जेवताना त्या बटणाला नमस्कार करायचे. "सरकार, आज भाजीत मीठ कमी आहे, लिहून घ्या." ती हातातली उलथणी उगारायची.

---

डॉ. गुळवणींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि बऱ्याच वेळानं परत आल्या. नसीमाबाईही थांबल्या होत्या.

"तुम्ही म्हणता ते खरं आहे," डॉ. गुळवणी म्हणाल्या. "काही हजार माणसांत ही सवय एकाच नोंदीत आहे. दार लावण्याआधी रिकाम्या खोलीला सांगणं आणि थांबणं. नोंद राजमती मगदूम यांची."

"मला तिचं चित्रण बघायला मिळेल?"

"मूळ चित्रण आम्ही नष्ट करतो. सवयी तेवढ्या राहतात. त्या या पेटीत आहेत, दुसरीकडे कुठे नाहीत."

डॉ. गुळवणी खुर्ची ओढून भूपाल यांच्या समोर बसल्या.

"आता अडचण सांगते. मापक सगळ्यांना सारखा हवा. चालू दाव्यातल्या पक्षकाराचं नातं नमुन्यातल्या माणसाशी निघालं, तर त्या माणसाची नोंद काढावी लागते. या दाव्यापुरती नाही, कायमची. नाहीतर तुम्हाला एक शहाणा आणि शेजाऱ्याला दुसरा असं होईल. पुढच्या सुनावणीत मला हे न्यायाधिकरणापुढे ठेवावंच लागेल."

"आणि नोंद काढली तर हा काय सांगेल?" नसीमाबाईंनी विचारलं.

डॉ. गुळवणी उठल्या. पेटीतल्या शहाण्याची एक प्रत त्यांनी वेगळी काढली, तिच्यातून ती नोंद वगळली आणि तोच प्रश्न विचारला. दालन, गणक, आकडा, रिकामा खिळा.

"आकडा शून्य आहे," पेटी म्हणाली. "मी दार लावेन."

आवाज तोच होता. भूपाल यांनी मान दुसरीकडे वळवली.

नसीमाबाईंनी हिशेब मांडला. नोंद गेली की कसूर सिद्ध होत नाही. दावा हरणार. फलकावरची ओळ तशीच राहणार. आणि पुढे राज्यात कुणीही, कुठल्याही दालनाचं दार आकडा बघून लावलं, तरी ते समंजसच ठरणार.

"आपण गप्प बसलो तर?" भूपालनी विचारलं.

"मी गप्प बसू शकत नाही," डॉ. गुळवणी म्हणाल्या. "दावा चालू आहे तोवर तरी नाही."

त्यांनी शेवटचे शब्द जरा सावकाश उच्चारले. नसीमाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"दावाच नसेल तर पक्षकार नाही," नसीमाबाई म्हणाल्या. "पक्षकार नाही तर नातं नाही."

"नियमात तसंच आहे."

---

दोन दिवसांनी संध्याकाळी नसीमाबाई भूपाल यांच्या घरी आल्या. मागच्या खोलीत एक मोटार उघडी पडली होती. भूपाल तार गुंडाळत होते. नसीमाबाई दारात उभ्या राहिल्या. "काका," म्हणाल्या. उत्तर आलं नाही. त्या थांबल्या. गाठ मारून झाल्यावर भूपाल म्हणाले, "हं, ये बाई."

चहा झाला. नसीमाबाईंनी त्यांना दोन्ही बाजू पुन्हा सांगितल्या. दावा मागे घेतला तर पुन्हा करता येणार नाही. कंपनी म्हणेल, बघा, त्यांनाच खात्री नव्हती. ती ओळ फलकावर राहील. राजमतीबरोबर काम केलेल्या बायका रोज ती वाचतील.

"तुम्ही वर्षभर त्या ओळीसाठी चपला झिजवल्या आहेत," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला मागे घ्या म्हणणार नाही. आणि घेऊ नकाही म्हणणार नाही."

"चालवला तर ओळ जाईल?"

"नाही. तरीही राहील. पण निदान लढून हरलो असं होईल. वरच्या कोर्टात जाता येईल. काही वर्षांनी नियम बदलायला लावता येईल, कदाचित."

"आणि तोवर ती पेटीतून गेलेली असेल."

"हो."

भूपाल तारेचं टोक बोटांत फिरवत राहिले.

"कंपनी म्हणते ती निष्काळजी होती," ते म्हणाले. "आणि सगळ्या राज्याची काळजी जिच्यावरून मोजतात, त्यात ती आहे. हे कुणाला कळणार नाही. पण मला कळलंय. तुम्हाला कळलंय. आता मी तिला तिथनं बाहेर काढू, माझं नाव मोठं करायला?"

"तुमचं नाही, तिचं नाव."

"तिला नावाचं काही नव्हतं. तिला दार लावायच्या आधी विचारायचं असायचं, एवढंच. ती एकदा आत राहिली आणि कुणी विचारलं नाही. आता ती विचारणारी आहे. तिला असू दे तिथं."

नसीमाबाईंनी दुसऱ्या दिवशी दावा मागे घेतला. कंपनीनं काही म्हटलं नाही. फलकावरची ओळ उन्हानं फिकी होत गेली, पण कुणी काढली नाही.

---

पुढच्या हिवाळ्यात जालन्याच्या एका बियाणे-कोठारात एक हमाल दालनात अडकला. त्याला वेळेवर बाहेर काढलं, पण त्याची बोलण्याची शक्ती गेली. त्याच्या भावानं दावा केला. तिथल्या कोठाराच्या वकिलांनीही सांगितलं की आकडा शून्य होता आणि सगळीकडे आकडा बघूनच दार लावतात. तिथंही शहाण्याला विचारलं गेलं. त्यानं दारातून डोकावून येतो म्हणेन आणि थांबेन असं सांगितलं. हे कुणाची सवय आहे, असं कुणी विचारलं नाही, कारण त्या हमालाच्या घरात मगदूम नावाचं कुणी नव्हतं. न्यायाधिकरणानं कोठाराला दोषी धरलं. वर्षाच्या आत राज्यातल्या प्रत्येक बंद दालनासाठी तसा नियम आला.

भूपाल यांना हे नसीमाबाईंनी फोनवर सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि फोन ठेवला.

मग एक दिवस सांगलीच्या कोठारातल्या पंख्याची मोटार जळाली आणि ती भरायला भूपालना बोलावणं आलं. ते जावं की नको असा विचार करत राहिले आणि शेवटी गेले. मोटार उतरवायला विलासच पुढे आला. त्यानं वाकून नमस्कार केला. संध्याकाळी दालनं बंद करायची वेळ झाली तेव्हा विलास म्हणाला, "काका, जरा थांबता का, चार नंबर लावून येतो."

भूपाल त्याच्या मागे गेले. आतून बेदाण्याचा गोडसर वास येत होता. काचेवर आकडा शून्य होता. विलासनं दारातून आत डोकं घातलं.

"येतो," तो मोठ्यानं म्हणाला आणि एक हात कडीवर ठेवून उभा राहिला.

आत काही हललं नाही. विलास तसाच उभा. मग मागे वळून जरा ओशाळून म्हणाला, "नियम आहे काका. पोरं हसतात. म्हणतात, आत कोण असला तर लगेच ओ देईल की, एवढा वेळ कशाला थांबायचं? मलाही म्हाईत नाही. वरून आलंय, थांबायचं म्हणून."

"आतला माणूस मोजत असला तर?" भूपाल म्हणाले.

विलासनं त्यांच्याकडे पाहिलं. त्याचा हात कडीवरून खाली आला. मग त्यानं पुन्हा आत डोकं घातलं, आणि या वेळी आधीपेक्षा जास्त वेळ थांबला. भूपालही थांबले. ओठांतल्या ओठांत ते दहापर्यंत मोजत होते. मोजून झाल्यावर, बाहेरूनच, हळू आवाजात ते म्हणाले, "हं, ये."

"बरं," विलास म्हणाला आणि त्यानं दार ओढून घेतलं.